'क्षमस्व' म्हणजे 'सॉरी' नव्हे

व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय. 'माफी' अरबी, 'दिलगिरी' फारसी, तेव्हा दोन्ही टाकून द्या; 'सॉरी'ला शुद्ध मराठी शब्द 'क्षमस्व', तोच सगळीकडे वापरा; शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून असले परके शब्द कधीच हद्दपार केले होते, वगैरे. इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण भाचीने वर्गशिक्षिकांना लिहिलेल्या अर्जात 'गैरहजेरीबद्दल मी क्षमस्व आहे' हे वाक्य दिसलं आणि राहवलं नाही.

'मी क्षमस्व आहे' म्हणजे 'मी क्षमा कर आहे'. क्षमस्व हे क्षम् धातूचं आज्ञार्थी रूप आहे, मध्यम पुरुष एकवचन: तू क्षमा कर. करणारा समोरचा, आपण नव्हे. पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. पूजा संपताना आपण म्हणतो, 'दासोऽयमिति मां मत्वा क्षमस्व परमेश्वर': हा दास आहे असं समजून, हे परमेश्वरा, मला क्षमा कर. इथे 'मी क्षमस्व' कुठे बसतं? आणि 'मी' कर्ता हवाच असेल तर गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन काय म्हणतो ते पाहा: 'तत्क्षामये त्वामहमप्रमेयम्', म्हणजे 'मी तुझी क्षमा मागतो'. अहम् आला की रूप बदलून क्षामये झालं. म्हणजे शुद्धतेच्या नावाखाली आपण संस्कृतच मोडतोय.

मग 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी चूक का? नाही. तिथे 'आम्ही' नाही आणि 'आहोत'ही नाही. कशाबद्दल ते सांगायचं, पुढे क्षमस्व लिहायचं आणि थांबायचं. आहे, आहोत, झालो यांतलं काहीही जोडलं की वाक्य कोसळतं. काटेकोर संस्कृतात अनेकांना उद्देशून क्षमध्वम् लागेल, पण मराठीत हा शब्द गोठून बसलाय, तेवढं चालतं.

याहून संतापजनक म्हणजे संदेशातलं उदाहरण: कुणाच्या निधनाची बातमी कळली की 'ऐकून क्षमस्व' लिहा. ज्याचे वडील गेलेत त्याला तुम्ही सांगताय, 'ऐकून मला क्षमा कर'! इंग्रजी 'सॉरी' दोन कामं करतं: चूक कबूल करणं आणि दुःखात सहभागी होणं. क्षमस्व त्यातलं दुसरं काम कधीच करत नाही. तिथे 'ऐकून फार वाईट वाटलं' हे साधं वाक्य पुरतं. गंमत अशी की ज्या दिलगीरला हाकलायचंय, त्याचा मूळ फारसी अर्थच खिन्न, दुःखी. त्या अर्थाने 'सॉरी'च्या जवळचा तोच.

शब्द परके आहेत हे मात्र खरं, मान्य. माफ अरबीतून फारसीमार्गे आला, दिलगीर थेट फारसीतला. 'भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी' या पुढारीछाप वाक्याने दिलगिरीचं वजन घटलंय, हेही कबूल. भाषाशुद्धीचा आग्रहही नवा नाही. १९२५ साली फारसी-मराठी कोश काढणारे कवी माधव ज्यूलियनच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले. पण त्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. बाकी कर्जमाफीला 'कर्जक्षमा' म्हणून दाखवा, मग बोलू.

राज्यव्यवहारकोशाबद्दल दोनच ओळी. तो दरबारी आणि कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश होता. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. घरात कुणी कुणाची माफी कशी मागावी, याचा तो हुकूम नव्हे.

अर्ज लिहिणाऱ्यांसाठी: क्षमा आणि माफी 'मागतात', दिलगिरी 'व्यक्त करतात'. 'दिलगिरी मागतो' किंवा 'क्षमा व्यक्त करतो' लिहिलंत की घोटाळा. विशेषण हवं तर 'उशिराबद्दल दिलगीर आहे'. खेद वेगळा, त्यात चूक आपली असायची गरज नाही, म्हणून 'आपला अर्ज नामंजूर झाल्याचे कळवण्यास खेद होतो' हे वाक्य कार्यालयांना सोयीचं पडतं. वडीलधाऱ्यांना पत्रात 'क्षमा असावी'. आणि अरबी, फारसी, इंग्रजी काहीच नको असेल तर 'चुकलं माझं, पोटात घाला' म्हणा. त्यासाठी संदेश पुढे ढकलावा लागत नाही.