'एक हितचिंतक' यांना उत्तर

फिशरवरच्या, म्हणजे गुदद्वाराला पडणाऱ्या चिरेवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "डॉक्टर नसताना असल्या जागेच्या दुखण्यावर ज्ञान पाजळू नये. चीर पडली की ऑपरेशन हाच उपाय. आणि रक्त पडण्याचं कारण दुसरंही असू शकतं, ते कुठे लिहिलंय?"

शीर्षक जरा चटकदार झालं होतं, तेवढं मान्य. पण 'ज्ञान पाजळू नये'? अहो, हेच सरळही विचारता आलं असतं. मी डॉक्टर नाही हे पहिल्याच ओळीत आहे.

आणि 'असल्या जागेच्या' म्हणताना तुम्ही जे नाक मुरडलंत ना, त्याच्याच धास्तीने मी अख्खा पावसाळा घरात कुणाला न सांगता काढला. संडासला जायचं म्हटलं की घाम फुटायचा, नंतर तासन्‌तास आग. वाड्यावरच्या एका जाणत्याने न बघताच मूळव्याध ठरवून पुड्या दिल्या. मीही गुमान सुरण खात बसलो. शेवटी सर्जननी बघितलं आणि म्हणाले, कोंब नाही, चीर आहे, मागे मधोमध. बहुतेकांना तिथेच पडते. दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा घटतो, मग चीर भरणार कशी? त्यात भीतीने रोखून धरलं की मळाचा खडा होतो आणि पुन्हा तिथेच फाटतं. एवढं ज्ञान मला आधी कुणी पाजळलं असतं तर उपकार झाले असते. तुम्हाला हे दुखणं झालेलं दिसत नाही. होऊही नये.

ऑपरेशनचं म्हणाल, तर ताजी चीर बहुधा इसबगोल, भरपूर पाणी, अळसांदे-तांबडी भाजी आणि कोमट पाण्याच्या टबात बसणं यांनीच भरते. सहा-आठ आठवड्यांवर गेली तर डिल्टियाझेमचं मलम स्नायू सैल करतं. नायट्रोग्लिसरीनचंही मिळतं, त्याने माझं डोकं असं ठणकायचं की मलम नको, चीर परवडली. ऑपरेशन सगळ्यांत खात्रीचं, हे मीही लिहिलंय. पण त्यात तोच स्नायू थोडा कापतात आणि काहींचा वाऱ्यावरचा, क्वचित मळावरचा ताबा सैल होतो. तुमच्या 'हाच उपाय'मध्ये हे कुठे बसतं?

रक्ताचं लेखात आहे. रक्त दिसलं की तपासून घ्या. वजन घटत असेल किंवा चीर मधोमध नसून बाजूला असेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा. शेवटून दुसरा परिच्छेद. तिथवर पोचला नसाल.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. हितचिंतक आहात की नाही, ते मी ठरवीन.