थांबलेला तडा ‘मेलेला’ नसतो

गाडीच्या काचेला खडा लागून तडा गेला की कुणीतरी हमखास एक निरोप पुढे ढकलतं. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: काच ठिसूळ, फुटायची असती तर त्याच क्षणी फुटली असती. आठवडाभर तडा वाढला नाही तर तो ‘मेला’ समजा. प्लास्टिक चिवट, ते तुटण्याआधी ताणतं, पांढरं पडतं, सूचना देतं. तेव्हा प्लास्टिकच्या पाइपाला गेलेली चीर मनावर घेऊ नका. आणि तरीही भीती वाटलीच तर टोकाला भोक पाडा, तडा जागच्या जागी थांबतो.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘फुटायची असती तर त्याच क्षणी फुटली असती’

एकदम फुटणं हा काचेचा स्वभावच, अशी यामागची समजूत. पण तड्याला पुढे सरकायला ऊर्जा लागते, कारण सरकताना त्याला दोन नवे पृष्ठभाग तयार करायचे असतात. ती ऊर्जा ताणाखालच्या वस्तूत साठलेली असते आणि तडा वाढताना त्यातली काही मोकळी होते. हा जमाखर्च फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली मांडला, आणि प्रयोग त्याने काचेवरच केले. जमा खर्चाला पुरली की तडा हलतो. हलल्यावर काय होणार, हा प्रश्न मात्र निराळा आहे. लांबी वाढेल तशी जमा वाढत जाते की आटत जाते? वाढत गेली तर तडा सुसाट सुटतो, आटत गेली तर थोडं सरकून थांबतो.

१९३० साली ओब्राइमोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने अभ्रकाचे पापुद्रे पाचर सारून सोलले. पाचर जेवढी आत जाई तेवढाच तडा पुढे जाई. हात थांबला की तोही थांबे. तडा लांबला की सुटा झालेला पापुद्रा जास्त सहज वाकतो, आणि पाचरीने ठरवलेली फट तेवढीच असल्याने त्यातला ताण झपाट्याने उतरतो. हिशेब केला तर मिळणारी ऊर्जा लांबीच्या चौथ्या घाताने घटते. त्याच पापुद्र्याला पाचरीऐवजी वजन टांगा. आता ती लांबीच्या वर्गाने वाढते आणि सुरू झालेला तडा आवरत नाही. अभ्रक तेच, ठिसूळपणा तोच. बदलली ती फक्त जोर लावायची रीत.

खड्याचा मारही असाच जागेपुरता असतो. त्या लहानशा भागाबाहेर आल्यावर तड्याला खायला काही उरत नाही, म्हणून तो थांबतो. उद्या चाक खड्ड्यात आदळून चौकट पिळवटली किंवा उन्हात तापलेल्या काचेवर थेट एसीचा झोत आला, की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. आकडेच हवे असतील तर: साध्या काचेच्या कडेवर १० मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक) खेच आली, तर जेमतेम दीड मिलिमीटरचा तडा सुसाट सुटायला पुरतो. खेच ५ मेगापास्कल असेल, तर साधारण पावणेसहा मिलिमीटर लागतात. आणि प्रसरणाला जागाच नसलेल्या काचेत तापमानाच्या दर अंश फरकामागे सुमारे ०.६ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे १० मेगापास्कलसाठी सोळा-सतरा अंशांचा फरक बस झाला.

(हे समोरच्या काचेबद्दल. ती लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली, म्हणून तडा गेला तरी ती चौकटीत टिकून राहते. बाजूच्या टफन्ड काचेत ताण बनवतानाच कोंडलेला असतो. तडा आतल्या खेचीच्या थरात शिरला की अख्खी काच दाणे होऊन कोसळते. तरीही तिथे ‘त्याच क्षणी’ खरं ठरत नाही. आत निकेल सल्फाइडचा कण अडकला असेल तर तो वर्षानुवर्षं सावकाश रूप बदलतो, त्याचं आकारमान २ ते ४ टक्क्यांनी वाढतं, आणि कुणी हात न लावता इमारतीची काच फुटते.)

‘आठवडाभर वाढला नाही तर मेला’

या वाक्याने सर्वात जास्त नुकसान होतं. काचेतला तडा सुटण्याइतका जोर नसतानाही सरकत असतो, फक्त दिसत नाही. हवेतलं बाष्प तड्याच्या टोकापर्यंत पोचतं आणि तिथले ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाण्याच्या रेणूंशी प्रक्रिया होऊन तुटतात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या वीडरहॉर्न यांनी १९६७ साली हा वेग मोजून दाखवला. जोर तोच ठेवून हवा दमट केली की तडा कित्येक पटींनी जास्त वेगाने सरकतो. सेकंदाला एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हा वेग धरा. आठवड्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर होतं, जे काचेवर कुणाच्याही लक्षात येणार नाही. महिन्यात अडीच मिलिमीटर. वर दिलेल्या दीड मिलिमीटरच्या मर्यादेशी हे ताडून पाहा. आणि तडा लांबला की तोच ताण टोकाशी जास्त जोराने जाणवतो, त्यामुळे वेगही कायम राहत नाही, चढत जातो. रात्री उभी केलेली गाडी सकाळी पाहावी तर तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत, हा प्रकार असा घडतो. कोकणात जुलैच्या हवेत ‘आठवडाभर थांबून बघू’ म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

जोर फारच कमी असेल तर वाढ जवळपास थांबते, हेही खरं. पण ती मर्यादा रस्त्यावरच्या गाडीत रोज पाळली जाईल, याची हमी कोण देणार?

‘प्लास्टिक आधी सूचना देतं’

कधी देतं, कधी नाही. आणि हे ठरतं जवळपास उलट्या नियमाने. पॉलिथिलीनच्या पाइपावर मोठा दाब टाका: तो फुगतो, पातळ होतो, मग फाटतो. सूचना मिळाली. तोच पाइप कमी ताणाखाली वर्षानुवर्षं पडू द्या, एखादा ओरखडा किंवा वाकडा सांधा असू द्या. लांबलचक रेणू एकमेकांच्या गुंत्यातून हळूहळू निसटतात आणि न फुगता, न ताणता एक बारीक चीर आरपार जाते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या वॉटरलू इथे १७ ऑक्टोबर १९९४ रोजी अशाच चिरेतून गॅस गळून स्फोट झाला. ६ माणसं गेली, ७ जखमी झाली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ च्या अहवालात म्हटलं की १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या बऱ्याच प्लास्टिक पाइपांची अशा ठिसूळ तड्यांपुढची ताकद प्रत्यक्षाहून जास्त धरली गेली असावी.

अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचं पाहा. त्यात तडा वाढवायला काचेच्या पन्नास-साठपट ऊर्जा लागते, हे बरोबर. पण ते काचेपेक्षा वीसेक पट जास्त ताणतं, म्हणून तेवढ्याच ताणाखाली ऊर्जाही तितक्याच पटीने जास्त साठवतं. निव्वळ फायदा उरतो दीड-दोन पट ताणाचा, आणि तडा सुटला की तोही कडाडून सुटतो. ताणाखालचं अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने पुसलं तर सूक्ष्म चिरांची जाळी त्याहून कितीतरी कमी ताणात उमटते. सॅनिटायझर मारून मारून चकाकी गेलेले काउंटरवरचे पडदे याच कारणाने धुरकट दिसतात.

‘टोकाला भोक पाडा’

तड्याचं टोक अणकुचीदार असतं आणि ताण तिथेच एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो. अ‍ॅक्रिलिकच्या किंवा धातूच्या पत्र्यात हा उपाय चालतो, पण टोक खरोखर भोकाच्या आत आलं तरच. ते बहुधा डोळ्यांना दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं; भोक मागे पडलं तर तड्याला काहीच फरक पडत नाही. गाडीच्या काचेवर घरच्या ड्रिलने हे करू नका. ड्रिलची धडधड आणि उष्णता तडा वाढवायला पुरेशी आहे. फेविक्विकचा वरवरचा थेंब टोकापर्यंत पोचतच नाही. काचवाले आतली हवा खेचून घेतात, पातळ रेझिन आत ढकलतात आणि अतिनील प्रकाशाखाली कडक करतात. हे लहान आणि ताज्या तड्यावरच नीट जमतं. काचवाल्याकडे जाईपर्यंत तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, काच पाण्याने धुऊ नका आणि एसीचा झोत काचेवर सोडू नका.