पाळणाघरात मुलांना खेळू द्या, सारखं खेळवू नका

घरीच पाळणाघर चालवते मी. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, “आज काय अ‍ॅक्टिव्हिटी घेतली, ताई?” काहीच घेतली नाही, मुलं आपापली खेळली, असं सांगितलं की चेहरे पडतात. फी भरून नुसतं खेळायचं? हो. एक ते चार वर्षांच्या मुलांचं तेच मुख्य काम आहे, आणि ते त्यांना निवांत करू द्यावं असं माझं ठाम मत आहे.

परवाचंच सांगते. अडीच वर्षांचा एक मुलगा स्टीलच्या डब्यांना झाकणं लावत बसला होता. मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवायचा, ते घसरायचं, पुन्हा ठेवायचा. माझे हात शिवशिवत होते, तरी गप्प बसले. बऱ्याच वेळाने त्याला नेमकं झाकण सापडलं. त्याने ते काढलं आणि परत लावलं, पाच-सहा वेळा. तेवढ्यात शेजारची मुलगी आली, एका डब्यात कपड्यांचे चिमटे भरले आणि भेंडीची भाजी शिजायला लागली! हे मी ‘घेतलं’ असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते खडे, शिंपले, पानं असं आसपास मिळणारं सामान घेऊन. आपल्याकडे एवढी मोठी परंपरा असताना आपण महागडे शैक्षणिक संच का शोधतो, मला खरंच कळत नाही.

अर्थात मोकळं सोडायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही. उलट तयारी जास्त लागते. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती लहानग्यांच्या हाती द्यायची नाही, कारण ती घशात अडकू शकते. रांगणाऱ्यांची सतरंजी वेगळी. खेळणी मोजकीच खाली, बाकीची माळ्यावर, आठवड्याने अदलाबदल. टीव्ही बंद. आणि पोट भरलेलं, झोप झालेली हवी. भुकेलं मूल खेळत नाही, किरकिरतं.

नवीन मूल सुरुवातीला पदर सोडत नाही. त्याला ‘जा, खेळ’ म्हणून ढकलायचं नाही. मी त्याच्याजवळ पालेभाजी निवडत बसते. ताई इथेच आहे याची खात्री पटली की ते हळूहळू दूर सरकतं. मग मध्येमध्ये “वा, शाब्बास!”सुद्धा नको, त्यानेही तंद्री मोडते. डब्यावरून ओढाओढ झाली तरी मी लगेच उठत नाही. चावणं, मारणं सुरू झालं तर मात्र ताबडतोब.

म्हणून पालकांना विनंती, दर तासाला फोटो मागू नका. फोन काढला की सगळी मुलं खेळ टाकून माझ्याकडे बघतात. त्यापेक्षा घरी न्यायला आलात की दारात पाच मिनिटं थांबा. तुमचं मूल एखाद्या खेळात रमलेलं असेल, तर तो खेळ संपू द्या, मग हाक मारा.