शेल आहे म्हणजे वायू लागणारच, असं नसतं

परवा दादाने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "यांच्यात पैसे घालू का? निवृत्तीचे पडूनच आहेत." घरात भूशास्त्र शिकलेली मी एकटीच, म्हणून मला विचारलं. मेसेजमध्ये एका छोट्या कंपनीची भलामण होती. अमेरिकेतला मार्सेलस शेल (शेल म्हणजे बारीक गाळ दबून बनलेला, पापुद्र्यांचा खडक) अनेक राज्यांखाली सलग पसरलाय, कंपनीने त्याच खडकावरची जमीन स्वस्तात घेतलीय, आणि शेल सलग असल्यामुळे "कुठेही भोक पाडा, वायू लागतोच". शिवाय खडक जितका खोल तितका वायू जास्त, खडकातला सगळा वायू आज ना उद्या हाती येणार, आणि उत्पादनाच्या हद्दी निसर्गाने नव्हे, सरकारांनी आखल्यात. दादाला फोनवर सांगून भागलं असतं. पण तोच मेसेज आठवड्याभरात आणखी दोघांकडून आला, म्हणून लिहायला बसले.

"कुठेही भोक पाडा" हेच सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण त्याच्या भरवशावर लोक पैसे घालतात. शेलमधल्या साठ्याला भूशास्त्रज्ञ 'सलग' साठा म्हणतात, हे खरं. नेहमीच्या वायूक्षेत्रात वायू एखाद्या घुमटाखाली अडकलेला असतो, तसा इथे नसतो. पण सलग म्हणजे सगळीकडे सारखा नव्हे. मार्सेलसमध्ये भरपूर उत्पादन देणारे पट्टे मुख्यतः दोन. ईशान्य पेनसिल्व्हेनियात ससक्वेहाना आणि ब्रॅडफर्ड काउंटी, आणि नैऋत्य कोपऱ्यात वॉशिंग्टन आणि ग्रीन काउंटी. मधला मोठा भाग त्याच खडकाचा, नकाशावर त्याच रंगाचा, पण विहिरी तशा चालत नाहीत. पश्चिमेला ओहायोकडे खडक पातळ होत 50 फुटांच्याही खाली जातो. ज्या गावावरून खडकाला नाव मिळालं, त्या न्यूयॉर्कमधल्या मार्सेलस गावाजवळ तर तो उघड्यावरच आलाय. तिथे काळ्या पाटीसारखे पापुद्रे हाताने सुटतात. त्याच्यावर दाब धरून ठेवणारं काहीच उरलेलं नाही.

जाडीनंतर येतं खडकाचं शिजणं. शेलमधल्या सेंद्रिय गाळाला पुरेशी उष्णता मिळाली तर आधी तेल आणि पुढे वायू तयार होतो. किती शिजलाय हे बघायला खडकातले लाकडाचे अतिसूक्ष्म कण घासून चकचकीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते किती प्रकाश परावर्तित करतात ते मोजतात. साधारण 0.6 टक्क्याच्या आसपास तेल सुरू होतं, 1.3 च्या वर मुख्यतः वायू. आकडा 3.5 च्या आसपास गेला की खडक करपला समजा, तिथे वायूची खात्री देता येत नाही. मार्सेलस पूर्वेकडे जास्त शिजलेला आहे. म्हणजे "जितका खोल तितका चांगला" हेही तिथेच मोडतं. खोलीबरोबर दाब वाढतो, तो उपयोगी असतो. पण खर्चही वाढतो, आणि बहुधा खडकाचं करपणंही.

आणि शेल उत्तम असूनही विहीर वाया जाऊ शकते. टेक्सासमधला बार्नेट शेल घ्या, अमेरिकेतला शेल वायूचा धंदा तिथूनच उभा राहिला. बार्नेटच्या खाली एलेनबर्गर नावाचा चुनखडक आहे, पोकळ्यांनी भरलेला आणि खारं पाणी धरून असलेला. फोर्ट वर्थच्या आसपास या दोघांच्या मध्ये व्हायोला नावाचा घट्ट चुनखडक आहे. फ्रॅकिंगमध्ये, म्हणजे प्रचंड दाबाने पाणी सोडून, शेलला पाडलेल्या भेगा तो खाली जाऊ देत नाही. पश्चिमेकडे मात्र हा व्हायोला झिजून नाहीसा झालाय. तिथे त्याच भेगा थेट एलेनबर्गरपर्यंत जाऊ शकतात, आणि मग विहिरीतून वायूऐवजी पाणी येतं. शेल तोच, पण उत्पादनाची हद्द त्याच्याखालचा दगड ठरवतोय.

सगळा वायू हाती येणार या दाव्याला टेक्सास विद्यापीठाच्या ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक जिऑलॉजीने 2013 मध्ये उत्तर दिलंय. त्यांनी बार्नेटमधल्या 16 हजारांहून जास्त विहिरींचं प्रत्यक्ष उत्पादन तपासलं आणि क्षेत्राचे उत्पादकतेनुसार दहा वर्ग पाडले. एकाच शेलचे दहा वर्ग! खडकात मोकळा वायू 444 ट्रिलियन घनफूट, आणि त्यांच्या मूळ अंदाजात एकूण हाती येणारा 44. म्हणजे साधारण दहावा हिस्सा. वरच्या आणि खालच्या वर्गातल्या विहिरींची कमाई सारखी असूच शकत नाही, आणि स्वस्त जमीन बहुधा का स्वस्त असते तेही यातून कळतं.

सरकारी हद्दीचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. न्यूयॉर्कने 2014 च्या शेवटी मोठ्या प्रमाणावरच्या फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली. पेनसिल्व्हेनियाला लागून असलेल्या दक्षिण पट्ट्यात वायू राज्याच्या सीमेवर संपतो असं कोणी म्हणणार नाही. हेही कबूल की हद्दी सरकतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मार्सेलसमध्ये अजून हाती न लागलेला पण काढता येण्याजोगा वायू 2002 मध्ये सुमारे 2 ट्रिलियन घनफूट धरला होता, 2011 मध्ये 84. खाली जाऊन वळणाऱ्या आणि शेलच्या थरातून लांबवर जाणाऱ्या आडव्या विहिरींनी हा फरक मुख्यतः घडवला. पण आडवी विहीर पातळ खडक जाड करत नाही, आणि करपलेल्या खडकात वायू परत भरत नाही.

दादा, त्यांच्या माहितीपत्रकातला तो रंगीत नकाशा पुन्हा बघ. जमीन त्यात आहे. तिथे शेल किती फूट जाड आहे, किती शिजलाय, खाली कोणता खडक आहे, आणि सगळ्यात जवळची चालू विहीर किती मैलांवर असून तिने पहिल्या वर्षी किती वायू दिला, यातलं एकही त्या पत्रकात नाही. ही उत्तरं लेखी मागव. ती येईपर्यंत एक रुपयाही घालू नकोस.