चार टक्के

जनरेटर होता. डिझेलच्या टाकीत मी स्वतः काठी बुडवून पाहिली होती, कारण ‘भरलंय साहेब’ या वाक्यावरचा माझा विश्वास कधीच उडालाय. जनरेटर सुरू होऊन स्थिरावेपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांसाठी यूपीएस होता. कॉर्डलेस माईकमध्ये कोरे सेल होते. चार्ज होणारे मुद्दाम टाळले. ते शेवटपर्यंत ठणठणीत दिसतात आणि मग एकदम मान टाकतात. वायरचा जादा माईकही पोडियमखाली होता. एवढं असून काल ऐन भाषणात ‘धप्प!’ झालं आणि सभागृह मुकं झालं.

तो धप्प म्हणजे मिक्सर गेला आणि ॲम्प्लिफायर चालूच राहिला. सुरू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना आधी. हा क्रम चुकला की दणका थेट स्पीकरला बसतो. धावत मागे गेलो. तिथे एक सभ्य गृहस्थ उकिडवे बसून, डाव्या हातात आमचा प्लग धरून, उजव्या हाताने स्वतःचा चार्जर यूपीएसमध्ये खुपसत होते.

“काका, हे काय केलंत?”

“चारच टक्के राहिलेत हो.”

“तो मिक्सरचा प्लग आहे!”

“मिक्सर?” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “स्वयंपाक इथेच आहे का?”

“आवाजाचा मिक्सर, काका.”

“मग आवाज तर तिकडून येतोय. स्पीकरला मी हातसुद्धा लावला नाही.”

“शेजारचं सॉकेट रिकामं होतं ना?”

“ते सैल आहे,” काका दुखावले. “आधी तेच पाहिलं. मला काय कळत नाही?”

प्लग परत लावला. पण डिजिटल मिक्सर म्हणजे दिव्याचं बटण नव्हे; उठून डोळे चोळायलाच त्याला मिनिटभर लागतं. ते मिनिट काकांनी सत्कारणी लावलं. “एवढा मोठा कार्यक्रम, आणि प्लॅन बी नाही तुमच्याकडे?”

संताप झाला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. वायरचा माईक होता, पण तोही त्याच मिक्सरमध्ये जात होता. माझे सगळे पर्याय एकाच प्लगला लोंबकळत होते. यूपीएस वीज गेली तर धावून येतो. प्लगच उपटला तर हिरवा दिवा दाखवत शेजारी बसून राहतो. माईक थेट जोडता येईल असा बॅटरीवरचा एक सुटा स्पीकर मंचाजवळ हवा होता. तो होता. गाडीत होता.

१९४९ साली अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेट-गाडीच्या चाचणीत सेन्सर उलटे जोडले गेले आणि त्यातून ‘जे चुकू शकतं ते चुकणारच’ हा एडवर्ड मर्फीच्या नावाचा नियम जन्माला आला. मर्फीची माणसं निदान कामावरची होती. प्रेक्षकांतून उठून कुणी आलं नव्हतं.

त्यापेक्षा पाऊस परवडला. मांडवाच्या ताडपत्रीवर एका चौरस मीटरात दहा सेंटिमीटर पाणी साचलं की वजन शंभर किलो, म्हणून उतार ठेवायचा आणि झोळ धरायच्या आत खालून बांबूने उचलून पाणी सांडायचं. हिशेब करता येतो. चार टक्क्यांचा हिशेब कोण करणार?

‘हात लावू नये’ची चिठ्ठी निरुपयोगी. लोक ती हात लावून झाल्यावर वाचतात. प्लगवर चिकटपट्टीचे दोन आडवे वेढे, बोर्ड मंचाखाली आत, आणि दाराजवळ ठळक अक्षरांत ‘मोबाइल चार्जिंग’ लिहिलेला वेगळा बोर्ड. आमिष म्हणा हवं तर. त्याची वायर मात्र आवाजाच्या लाइनवर घ्यायची नाही. गुंडाळी असेल तर पूर्ण उलगडायची; गुंडाळलेली वायर जास्त भाराने तापते आणि मग वेगळीच गंमत होते.

आभारप्रदर्शनात ‘ध्वनिव्यवस्थेतील त्रुटीबद्दल दिलगिरी’ व्यक्त झाली. त्रुटी म्हणजे मी. जनरेटरचा उल्लेख नाही. वीज गेलीच नव्हती, त्यामुळे तो विनाकारण आणलेला खर्च ठरला.

काकांचा चार्जर त्या सैल सॉकेटमध्ये शेवटी मीच चिकटपट्टी लावून बसवला होता. यूपीएसवर. म्हणजे वीज गेली असती तरी त्यांचं चार्जिंग थांबलं नसतं. जाताना त्यांनी फोन काढला, चश्मा वर करून पाहिला.

“अकराच झालेत,” ते म्हणाले. “तुमच्या लाइनला दम नाही.”