'रिअॅक्टर पाहिलाय का' विचारणाऱ्या स्पष्टवक्त्यांना

स्पष्टवक्ता साहेब (खरं नाव टाकायचं धाडस नाही, पण असो), लिग्निनपासून (लाकडाला, चिपाडाला ताठपणा देणारा पदार्थ) इंधन करण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "पुस्तकी स्वप्नं. लेखकाने आयुष्यात रिअॅक्टर पाहिलाय का? हायड्रोजन फुकट येतो का? बगॅस सरळ बॉयलरमध्ये जाळा. माझा मेव्हणा एनसीएलमध्ये आहे." (एनसीएल म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा.) हायड्रोजन महाग आहे, मान्य, लेखात तो एका ओळीत उरकला हेही मान्य. बास.

पण रिअॅक्टर पाहिलाय का म्हणजे काय? अहो, उमेदीची वर्षं भोसरीच्या एका युनिटमध्ये घालवलीत मी. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली चालणारा बंद रिअॅक्टर, गार झाला की झाकण उघडायचं, स्टररच्या पात्यांना डांबरासारखा काळा थर चिकटलेला असायचा, तो स्पॅच्युलाने खरवडत बसायचं, आणि लिग्निनमधून सुटणाऱ्या ग्वायकॉलचा धुरकट वास शर्टात असा मुरायचा की पीएमटीच्या बसमध्ये शेजारचा उठून जायचा.

तो थर का बसतो, माहितीये? लिग्निनचे घटक जोडणारे बीटा-ओ-४ इथर बंध २००-२५० अंशांना तुटतात, पण सुटलेले तुकडे गप्प बसत नाहीत, लगेच एकमेकांना कार्बन-कार्बन बंधांनी चिकटतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. लाकडातून लिग्निन मिथेनॉलमध्ये उतरत असतानाच निकेल किंवा रुथेनियमचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) तिथे हजर असेल, जोडीला हायड्रोजन असेल, तर ते तुकडे चिकटायच्या आत स्थिर होतात. पुढे त्यातला ऑक्सिजन काढला की सायक्लोहेक्झेनच्या जातीचे हायड्रोकार्बन, म्हणजे इंधन, मिळतात. उलट पेपर मिलचं क्राफ्ट लिग्निन (गंधकाची रसायनं वापरून लगदा करताना निघणारं) आणलंत तर त्यातलं गंधकच निकेलला मारतं, म्हणजे कॅटॅलिस्ट ओतून मोकळं व्हायचं असला हा प्रकार नाही. हे सगळं पुस्तकात आहेच, पण मला ते खरवडून कळलंय, आणि तुम्ही मला पुस्तकी म्हणताय?

जाळण्याचं म्हणाल तर साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून वीज करतातच, त्यात तुम्ही नवीन काय सांगितलंत. आणि मेव्हणा एनसीएलमध्ये असणं हे क्वालिफिकेशन नव्हे, पाषाण रोडवरून रोज मीही जातो.

टीका जरूर करा, मी डिलीट करत नाही. फक्त पुढच्या वेळी मेव्हण्याऐवजी हायड्रोजनचा किलोमागचा हिशोब घेऊन या, त्यावर बोलू.