९४ मुलांची शाळा

गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमची मुलं त्या छोट्या सरकारी शाळेत आहेत ना? कशी आहे हो?" तिघांना मी वेगवेगळं उत्तर दिलं आणि नंतर प्रत्येक वेळी वाटलं, महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरात सध्या "मुलाचं नाव कुठे घालायचं" हा विषय चालू आहे, त्यांनी जरा वेळ काढून वाचा.

पहिली ते पाचवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, पटावर ९४ मुलं. आजूबाजूला उंच इमारती, मध्ये ही दुमजली शाळा. माझी मोठी आता पाचवीत आहे, धाकटा दुसरीत. म्हणजे पाच वर्षं मी त्या फाटकाशी उभी राहतेय.

धाकट्याची गोष्ट आधी सांगते, कारण त्या दिवसापासून माझं या शाळेबद्दलचं मत पक्कं झालं. पहिलीच्या मध्यापर्यंत आम्हाला घरी वाटत होतं की हा छान वाचतो. पुस्तक समोर धरायचा आणि धडा घडाघडा म्हणायचा. एके दिवशी शाळा सुटताना बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हा बघून वाचत नाही, ऐकून वाचतो. आधीचं मूल वाचतं ते लक्षात ठेवतो आणि स्वतःची पाळी आली की तेच म्हणतो. पान उलटायला विसरला तरी वाचन चालूच असतं. याची ताई ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायची, पण वाचायची." मी गप्पच झाले. आई असून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी हेरलं होतं, आणि मोठीला शिकवताना काय पाहिलं होतं तेही त्यांच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला एक पुठ्ठा दिला. पोस्टकार्डाएवढा, मधोमध एका ओळीपुरती खिडकी कापलेली. पुठ्ठा ओळीवर ठेवायचा, खिडकीत दिसेल तेवढंच वाचायचं, मग खाली सरकवायचा. पहिले काही दिवस एकेका ओळीला तो रडकुंडीला यायचा. चार महिन्यांनी पुठ्ठ्याच्या कडा मऊ पडल्या होत्या, खिडकी एका बाजूने फाटली होती, आणि पोरगा खरोखर वाचत होता. तो पुठ्ठा मी जपून ठेवला आहे.

हे मोठ्या शाळेत होणार नाही असं मी म्हणत नाही. चांगले शिक्षक सगळीकडे असतात. पण बाईंच्या वर्गात तेव्हा १९ मुलं होती, आणि १९ मुलांचं वाचन रोज एकेकटं ऐकता येतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून ७९ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला होता. काही मुलं १३ ते १७ जणांच्या वर्गात, काही २२ ते २५ जणांच्या वर्गात, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागलेली. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. मात्र हा प्रयोग लहान वर्गाचा होता, लहान शाळेचा नव्हता, आणि ही गल्लत लोक फार करतात. पट कमी असलेल्या शाळेतही दोन इयत्ता एकत्र बसवल्या की वर्ग खचाखच भरतो. आम्ही तेही भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी तिसरीच्या बाई अचानक दीर्घ रजेवर गेल्या. बदली शिक्षक आलेच नाहीत. अकरा आठवडे तिसरी आणि चौथी एका खोलीत, एका शिक्षकाच्या हवाली. मोठी तेव्हा तिसरीत होती. त्या अकरा आठवड्यांत तिचा भागाकार जो कच्चा राहिला तो भरून काढायला आम्हाला पुढचं अर्धं वर्ष गेलं. मोठ्या शाळेत एक शिक्षक नसला तर मुलं बाकीच्या तुकड्यांमध्ये वाटून घेतात. इथे वाटायला दुसरी तुकडीच नाही. लहान शाळेत प्रत्येक माणूस खांब असतो, आणि तो निघाला की छप्पर खाली येतं. नाव घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

त्या वेळी पालकसभेत मी आवाज चढवला होता. मीच नाही, आम्ही आठ-दहा जण. चूक मुख्याध्यापिकांची की वरच्या कार्यालयाची, यावर पाऊण तास गेला आणि सभा तशीच संपली. नंतर मला जेम्स कोमर यांच्या कामाबद्दल वाचायला मिळालं. हे येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ. १९६८ मध्ये त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन सरकारी प्राथमिक शाळांपासून सुरुवात केली. पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक एकत्र बसून शाळेचे निर्णय घेतील, आणि त्या बैठकीत दोष कुणाचा हे शोधत बसायचं नाही, अडचण सोडवायची, असा त्यांचा नियम होता. पुढच्या सभेत आम्ही काहींनी तसंच करून पाहिलं. "हे कुणामुळे झालं" हा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, "उद्या सकाळी तिसरीसमोर कोण उभं राहणार?" लगेच शिक्षक मिळाले नाहीत. पण चौथीचे सर कुठल्या तासाला कुणाला शिकवतात याचं वेळापत्रक निदान आमच्या हातात आलं, घरी काय करून घ्यायचं ते कळलं, आणि वीस पालकांच्या सह्यांचं एक पत्र वर गेलं. मग दोन आठवड्यांत बदली शिक्षिका आल्या.

आता निकालाबद्दल, कारण लोक सगळ्यात आधी तोच बघतात. आदल्या वर्षी पाचवीतली १५ पैकी १३ मुलं अपेक्षित पातळीला पोचली, म्हणजे ८७ टक्के. गेल्या वर्षी १४ पैकी १०, म्हणजे ७१ टक्के. लगेच बोलवा झाली की शाळा घसरली. अहो, १४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सात टक्के! मागे राहिलेल्या चौघांपैकी दोघं वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेतून आली होती, एक जण दोन महिने आजारी होता. ज्यांनी शिकवलं ते तेच शिक्षक, तसंच शिकवत होते. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये हेच मांडलं होतं. लहान शाळांचे निकाल वर्षागणिक जास्त हेलकावे खातात, त्यामुळे सर्वोत्तमच्या यादीतही त्याच दिसतात आणि सर्वात वाईटच्या यादीतही त्याच. म्हणून ज्या वर्षी निकाल चांगला लागतो त्या वर्षी त्याचा फलक लावू नका, असंही मी शाळेत सांगितलं आहे. निकाल बघायचाच असेल तर तीन-चार वर्षांचा मिळून बघा.

मला यापेक्षा जास्त बोलकी वाटते ती स्नेहसंमेलनाची गोष्ट. पाचवीचं नाटक बसवायचं तर २१ मुलांपैकी कुणालाही वगळून चालत नाही. पडदा ओढायलाही माणूस लागतो. माझी मोठी चारचौघांत तोंड न उघडणारी. ती एखाद्या हजार मुलांच्या शाळेत असती तर निवड चाचणीच्या रांगेतही उभी राहिली नसती. इथे तिला सूत्रधार केलं, कारण ठरलेली मुलगी आजारी पडली आणि बाकी सगळ्यांच्या वाट्याला काही ना काही होतंच. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या संशोधकांनी कॅन्सस राज्यातल्या शाळांचा अभ्यास करून १९६४ मध्ये हेच लिहिलं होतं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण लहान शाळेत एकेका मुलाच्या वाट्याला जबाबदारीचं काम जास्त येतं. त्यांचा अभ्यास मोठ्या मुलांचा होता, पण मी तो माझ्या नऊ वर्षांच्या मुलीत पाहिलाय. त्या दिवसानंतर ती वर्गात हात वर करायला लागली.

शाळा लहान असण्याची दुसरी बाजूही आहे. मोठीचं आणि एका मैत्रिणीचं दुसरीत बिनसलं. तुकडी एकच, बाकं तीच, डबा खायची जागा तीच. दोन वर्षं दोघी एकमेकींना टोचत राहिल्या. आम्हा आयांमध्येही अबोला झाला, आणि फाटकाशी उभं राहणारे पालक मोजकेच असल्याने तो सगळ्यांना दिसत होता. समुपदेशक बाई आठवड्यातून फक्त गुरुवारी येतात, कारण त्यांच्याकडे आणखी चार शाळा आहेत. मुलाला अडचण गुरुवार बघून येत नाही. संगीताचे शिक्षक नाहीत. ग्रंथालय म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली मुख्याध्यापिकांकडे.

आणि इथे माझं ठाम मत आहे. ही उणीव पालकांनी फुकट राबून भरून काढायची, ही सवय मोडली पाहिजे. आमच्याकडे ९४ मुलांमागे तेच सहा-सात पालक सगळीकडे असतात. संमेलनाला आम्हीच, कपाट आवरायला आम्हीच, पत्रं लिहायला आम्हीच. बाकीच्यांना आस्था नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. एका मुलाची आई रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येते, त्याला तयार करून शाळेत सोडते आणि मग झोपते. तिने सभेला यावं अशी अपेक्षा मी करणार नाही. माझ्या मते सभेची वेळ तिच्याकडे बघून ठरली पाहिजे. आणि संगीताचे शिक्षक सरकारने द्यायला हवेत. एखाद्या पालकाने हौसेने पेटी वाजवली म्हणून ती जागा भरली असं धरता येत नाही.

गेल्या वर्षी मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. पट कमी आहे, ही शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करणार. लेखी काहीच नव्हतं, नुसती बातमी. तरी दोन कुटुंबांनी दाखले काढून नेले, म्हणजे पट आणखी कमी झाला. मे २०१३ मध्ये शिकागोत जवळजवळ ५० सरकारी शाळा एकदम बंद करायचा निर्णय झाला, बहुतेक प्राथमिक. इमारती पुरेशा भरत नाहीत, परवडत नाही, हेच कारण. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे २०१८ मध्ये त्याचा हिशोब मांडला. त्यात मला हलवून गेलेली गोष्ट अशी की मुलांचे गुण खाली आले ते घोषणेच्या वर्षीच, शाळा अजून चालू असतानाच. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. कुजबुज चालू होती तेव्हा धाकट्याने मला रात्री झोपताना विचारलं होतं, "मग माझा पुठ्ठा बाईंकडे राहील का मोठ्या शाळेत जाईल?" सात वर्षांचं मूल सगळं ऐकत असतं.

एका मुलामागे खर्च किती, हा हिशोब मांडू नका असं माझं म्हणणं नाही. मांडा, पण सगळा मांडा. मूल वाचत नाहीये हे पहिलीतच कळलं आणि ते चौथीत कळलं, यातला फरकही त्याच वहीत लिहा.

सध्याची परिस्थिती अशी: येत्या पहिलीसाठी आतापर्यंत नऊ नावं आली आहेत. शनिवारी सकाळी शाळा बघायला खुली आहे. आम्ही चौघी आया फाटकाशी असू. वर्ग बघा, ते कपाट बघा, स्वच्छतागृहं बघा, बाईंशी बोला. त्या अकरा आठवड्यांबद्दल विचारलंत तरी सगळं सांगू. मुलाला बरोबर आणा. पहिलीच्या खोलीत खालच्या फळीवर गोष्टींची पुस्तकं आहेत, त्यांना हात लावायला परवानगी लागत नाही.